दुसरा स्विच आहे, पण त्याला ग्रुप माहीत आहे का?

उमरेडला बसून मोबाइलवर शेअरचा भाव पाहणाऱ्याला ‘हे मल्टिकास्टने येतं’ असं कुणी सांगितलं, तर त्याने खुशाल मान हलवून नकार द्यावा. त्याच्या ॲपवर पडणारा भाव ब्रोकरच्या सर्व्हरने खास त्याच्यासाठी पाठवलेला असतो. सार्वजनिक इंटरनेटवर मल्टिकास्ट जवळपास चालतच नाही. ते चालतं मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या कोलोकेशन केंद्रात, म्हणजे ब्रोकरांचे सर्व्हर बाजाराच्या यंत्रणेशेजारी ठेवतात तिथे. ऑर्डरगणिक बदलणारी ‘टिक-बाय-टिक’ माहिती तिथे २०१४ पासून मल्टिकास्टने जाऊ लागली. त्याआधी ती टीसीपीवर, एकेका सर्व्हरला पाळीपाळीने जायची. आधी जोडला गेलेल्याला आधी मिळायची, हा मुद्दा बाजार नियामक सेबीच्या एप्रिल २०१९ च्या आदेशात आला; त्यातला ६२४.८९ कोटी रुपयांच्या वसुलीचा भाग रोखे अपील न्यायाधिकरणाने (सॅट) जानेवारी २०२३ मध्ये रद्द केला. मल्टिकास्टमध्ये पाठवणारा एकच प्रत सोडतो. ज्यांना ती हवी, त्यांच्यासाठी पुढच्या प्रती वाटेतले स्विच काढतात.

‘हवी’ कुणाला, हे स्विचला कळतं कसं?

अनेकांना वाटतं, मल्टिकास्ट म्हणजे सरसकट सगळ्या पोर्टवर ओतणं. साधा स्विच तसंच करतो, हे खरं. पण १९८९ पासून आयजीएमपी नावाची पद्धत आहे: ज्या यंत्राला एखादा ग्रुप, म्हणजे एका ठरावीक मल्टिकास्ट पत्त्यावर येणारा माल, हवा, ते तसा निरोप सोडतं. स्विच हे निरोप वाटेत वाचतो आणि कोणत्या पोर्टवर कोणता ग्रुप द्यायचा, याचा तक्ता ठेवतो. यालाच स्नूपिंग म्हणतात. तक्त्यात नाव नाही, तर त्या पोर्टवर माल नाही.

खरी गंमत दोन स्विच जोडीने लावले की सुरू होते. एक बंद पडला तर दुसरा सांभाळेल, हा हिशोब केबलपुरता बरोबर आहे. तक्त्यापुरता नाही.

समजा, उमरेडच्या एखाद्या कोळसा डेपोत वजनकाट्यावर कॅमेरा आहे आणि त्याचं चित्र २३९.१०.१०.५ या ग्रुपवर येतं. कंट्रोल रूममधल्या रेकॉर्डरला दोन केबल आहेत, एक ‘अ’ स्विचला, दुसरी ‘ब’ला, रेकॉर्डरच्या लेखी दोन्ही मिळून एकच लिंक. रेकॉर्डर ‘मला हा ग्रुप द्या’ म्हणतो, तेव्हा तो निरोप दोन्ही केबलवरून जात नाही. पत्त्यांवरून काढलेल्या गणितानुसार एकच केबल निवडली जाते. समजा ‘ब’ची. कॅमेऱ्याकडचा स्विचही स्वतःचं असंच गणित करतो आणि चित्र पाठवतो ‘अ’कडे. ‘अ’ला निरोप मिळालेलाच नाही. त्याच्या तक्त्यात रेकॉर्डर नाही, आणि पडदा काळा. दिवे सगळे हिरवे.

म्हणून जोडीतले स्विच आपसातल्या पीअर लिंकवरून एकमेकांना हे निरोप कळवतात. ‘ब’ सांगतो, ‘अ’ त्याच लिंकच्या आपल्या टोकावर तो ग्रुप नोंदवतो आणि चित्र थेट देतो. मग दोघांनाही माहीत असल्यावर रेकॉर्डरला दोन प्रती जातील, ही भीतीही निराधार आहे. पीअर लिंकवरून आलेली फ्रेम, दोन्ही टोकं जिवंत असलेल्या जोड-लिंकवर पुन्हा सोडायची नाही, असा नियमच असतो.

ही कळवाकळवी मात्र बहुतेक कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने बसवली आहे. लिंक बांधणारा एलएसीपी सर्वांचा सारखा आहे, म्हणून दोन कंपन्यांचे स्विच जोडीला लावता येतील, असं दुकानातही सांगितलं जातं. तसं होत नाही. ईव्हीपीएन नावाच्या वेगळ्या पद्धतीत मात्र यासाठी खुला मार्ग आहे: २०२२ च्या आरएफसी ९२५१ या मानकात सामील होण्याचा निरोप प्रकार ७ च्या रूटने आणि सोडण्याचा प्रकार ८ च्या रूटने दुसऱ्या स्विचला कळतो.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज वेगळाच आहे: एकदा नोंद झाली की झाली. ही नोंद मस्टरवरच्या हजेरीसारखी असते, कालची सही आज चालत नाही. नेटवर्कमधला ‘क्वेरिअर’ दर १२५ सेकंदांनी कुणाला काय हवं ते विचारतो, यंत्रं १० सेकंदांत उत्तर देतात. ठरलेल्या आकड्यांनुसार २६० सेकंद उत्तर आलं नाही की स्विच नाव खोडतो. राउटर नसलेल्या, फक्त कॅमेऱ्यांसाठी वेगळ्या काढलेल्या नेटवर्कच्या कप्प्यात (व्हीएलॅन) क्वेरिअर लावायचाच राहून जातो. चित्र सुरू होतं, सगळे खूश होतात, आणि साधारण साडेचार मिनिटांत ते बंद पडतं. तोवर टेक्निशियन चहाला गेलेला असतो. मग दोष कॅमेऱ्याला, केबलला, कधी विजेला.

क्वेरिअर दोन लावले तर? विचारतो एकच, ज्याचा आयपी पत्ता लहान तो. तो मेला तर दुसरा २५५ सेकंद वाट पाहून सूत्रं हाती घेतो. २५५ आणि २६० मधलं अंतर पाहा. उत्तराला लागणारे सेकंद त्यात धरले की उसंत उरतच नाही.

दोन म्हणजे निर्धास्त, हेही मुंबईनेच खोटं पाडलं. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११.४० ला थांबला तो दुपारी ३.४५ ला उघडला. दोन दूरसंचार कंपन्यांच्या लिंक होत्या आणि दोन्हींवर बिघाड झाला; त्यातून साठवण यंत्रणाही अडखळली. तो मल्टिकास्टचा दोष नव्हता, पण स्विचच्या जोडीतही तशीच फट असते. पीअर लिंक तुटली आणि दोन्ही स्विच जिवंत असले, तर सहसा दुय्यम स्विच आपली जोड-पोर्टं स्वतःच बंद करतो. ज्याची एकच केबल त्या स्विचला आहे, ते यंत्र अडकून पडतं. आणि मल्टिकास्ट यूडीपीवर चालत असल्याने मधे हुकलेलं पॅकेट आपोआप परत येत नाही. शेअर बाजाराच्या माहितीत ते क्रमांक पाहून वेगळ्या टीसीपी जोडणीवरून मागावं लागतं.

त्यामुळे काम ताब्यात घेताना नुसती एक केबल उपसून दाखवणाऱ्याला ‘झालं’ म्हणू नका. दोन्ही स्विचवरचा ग्रुपचा तक्ता शेजारी ठेवून पाहा. मग दोन क्वेरिअरपैकी विचारणारा बंद करायला सांगा आणि चित्र दहा मिनिटं चालू राहतं का, ते तिथेच बसून बघा.