स्त्रीबीजे वाचविणारे वेळेचे गणित

टेस्ट ट्यूब बेबी अर्थात ‘आयव्हीएफ’ उपचारांत स्त्रीबीजे वाढविणारी इंजेक्शने दिली जातात, हे बहुतेकांना ठाऊक असते. ती बीजे वेळेआधीच निसटू नयेत, यासाठीही औषध द्यावे लागते. त्याची वेळ चुकल्यास संपूर्ण उपचारचक्र वाया जाऊ शकते.

निसर्गतः दरमहा साधारणपणे एकच स्त्रीबीज परिपक्व होते. त्या वेळी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ‘एलएच’ हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात सोडते आणि बीज बाहेर पडते. उपचारांत एकाच वेळी अनेक बीजपुटिका वाढविल्या जात असल्याने इस्ट्रोजेनची पातळी झपाट्याने चढते. परिणामी, ‘एलएच’ची लाट अकालीच उसळण्याची भीती असते. तसे झाल्यास डॉक्टरांच्या हाती बीजे लागत नाहीत.

ही लाट थोपविण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीतील ‘अ‍ॅगोनिस्ट’ औषध ग्रंथीला प्रथम उत्तेजित करते व साधारण दोन आठवड्यांनी शांत करते. त्यामुळे ते आधीच्या पाळीच्या सुमारे २१व्या दिवसापासूनच सुरू करावे लागते. याउलट सेट्रोरेलिक्स, गॅनिरेलिक्स ही ‘अँटॅगोनिस्ट’ औषधे काही तासांतच ग्रंथीला रोखतात. ती बीजवाढीच्या इंजेक्शनांच्या पाचव्या वा सहाव्या दिवशी, किंवा सोनोग्राफीत सर्वांत मोठी बीजपुटिका सुमारे १४ मिलिमीटरची दिसल्यावर सुरू होतात. फार लवकर सुरुवात केल्यास इंजेक्शने विनाकारण वाढतात. उशीर झाल्यास लाट आधीच उसळलेली असू शकते.

पुढेही घड्याळ सुटत नाही. गॅनिरेलिक्सच्या दोन मात्रांमध्ये, तसेच शेवटची मात्रा आणि बीजे परिपक्व करणारे ‘ट्रिगर’ इंजेक्शन यांत ३० तासांपेक्षा अधिक अंतर पडता कामा नये. ट्रिगरनंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजे काढली जातात.

अँटॅगोनिस्ट पद्धतीचा आणखी एक लाभ म्हणजे ट्रिगरसाठी ‘एचसीजी’ऐवजी अ‍ॅगोनिस्ट वापरता येते. त्यामुळे बीजांडकोश अतिउत्तेजित होऊन पोटात पाणी साचण्याचा धोका बराच घटतो. ‘पीसीओएस’ असलेल्या स्त्रियांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

एखादी मात्रा राहून गेल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता अथवा स्वतःच दुप्पट मात्रा न घेता तातडीने डॉक्टरांशी संपर्क साधणे, हेच हितावह.