कच्चा माल, कच्चं बिल, कच्चा आडत्या: शब्द एकच, पण पैसा वेगळा



धामणगावात काय अन् अमरावतीत काय, सामान घ्यायला गेलं की कधी ना कधी हा प्रश्न येतोच: "भाऊ, बिल पक्कं पायजे का कच्चं?" नवीन माणूस पटकन म्हणतो, "द्या कच्चंच, स्वस्त पडते." मीही एकदा असंच म्हणून पॅकिंग मशीन आणली होती. दोन महिन्यांत मोटर जळाली आणि हातात फक्त एक चिठ्ठी, त्यावर ना दुकानाचं नाव ना तारीख. वॉरंटी कोणाला मागणार? म्हणून आज हा 'कच्चा' शब्द नीट समजून घेऊ.

कच्चा म्हणजे पुढचं काम बाकी असलेला. कच्चा आंबा, कच्चा भात. 'कच्चा माल' हा त्याच अर्थाने, त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या बाजारात येणारा कापूस जिनिंगवाल्याचा कच्चा माल. तो रुई आणि सरकी वेगळी करतो, रुईची गाठ बांधतो. ही गाठ त्याचा पक्का माल. पण तीच 170 किलोची गाठ सूतगिरणीच्या गेटात शिरली की पुन्हा कच्चा माल! सरकीचंही तसंच, ती तेल गिरणीचा कच्चा माल. हरभरा डाळ दालमिलसाठी तयार माल, बेसनवाल्यासाठी कच्चा. तुमचा तयार माल कोणाचा कच्चा माल आहे, हे वहीत लिहून काढा. गिऱ्हाईक तिथंच सापडेल.

'कच्चा हिशेब' म्हणजे तात्पुरता, नंतर पक्का करायचा. तो रोज लिहा, बिनधास्त.

आता आडत्या. इथे 'कच्चा' म्हणजे अनाडी नव्हे बरं का! कच्चा आडत्या दुसऱ्याचा माल विकून देतो आणि फक्त आडत घेतो. घेणाऱ्याने पैसे थकवले तर ती जबाबदारी त्याची नसते. पक्का आडत्या स्वतः व्यवहाराला बांधील असतो. इन्कम टॅक्सच्या 1986 च्या परिपत्रकातही हा फरक मान्य केला आहे: टॅक्स ऑडिटसाठी उलाढाल मोजताना कच्च्या आडत्याची फक्त आडत धरायची, पक्क्याची पूर्ण विक्री. म्हणून माल देण्याआधी सरळ विचारा, "पार्टीनं पैसे नाही दिले तर तुम्ही देणार का?" आणि उत्तर लिहून घ्या.

राहिलं बिल. लहानपणी खेळात 'कच्चा लिंबू' असायचा ना, पळतो सगळ्यांसोबत पण धरत कोणी नाही? कच्चं बिल तसंच. 20,000 च्या मशीनवर 18 टक्क्यांनी जीएसटी होतो 3,600 रुपये. तुम्ही जीएसटीच्या नियमित योजनेत असाल, तर पक्क्या बिलावर, विक्रेत्याने ते रिटर्नमध्ये दाखवलं की, हा कर साधारणपणे वळता करून मिळतो. चिठ्ठीवर शून्य. बँकेतही खरेदीचा पुरावा म्हणून ती चालत नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. जीएसटी नंबर नाही म्हणजे बिल कच्चं, असं नसते. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला 40 लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी बंधनकारक नाही. असा दुकानदारही नाव, तारीख, बिल नंबर टाकून व्यवस्थित बिल देऊ शकतो; त्यात जीएसटी लावता येत नाही, एवढंच. कच्चं ते, जे त्याच्या वहीत चढतच नाही.