एक फोन आणि कागदाची कार्डे



मागच्या तिमाहीत मंडळीतील एका कुटुंबाने विचारले होते, "वसतिगृहातल्या मुलांना टॅब्लेट घेऊन दिले, तर ऑनलाइन चाचण्या घेता येतील का?" लगेच हो म्हणावेसे वाटले, खोटे कशाला सांगू! पण आधी जवळ आहे तेवढ्यावर करून पाहावे असे ठरवले. पावसाळ्यानंतर दोन महिने, संध्याकाळच्या अभ्यासवर्गात, पाचवी ते सातवीच्या मुलांबरोबर मी ही साधने वापरली.

प्रश्नमंजूषा तयार करण्याची साधने आज पुष्कळ आहेत. कहूट नॉर्वेत तयार झाले, तर क्विझिझ, ज्याला आता वेग्राउंड म्हणतात, ते आपल्या बंगळूरमध्ये. बहुतेकांची रीत एकच. शिक्षकाने प्रश्न व पर्याय लिहून बरोबर उत्तरावर खूण करायची, मुलांनी आपापल्या फोनवर उत्तर निवडायचे. गुण आपोआप मोजले जातात.

पहिले साधन मी घेतले ते घड्याळ लावून खेळण्याचे. त्याचे नाव देत नाही, कारण अडचण आमची होती. चार उसने फोन, आणि धडगावच्या डोंगरातले नेटवर्क. एकाच्या फोनवर प्रश्न आला, तरी दुसऱ्याच्या फोनवर चक्र फिरतच राही. शिवाय आमच्या बऱ्याच मुलांची घरची भाषा पावरी. मराठी वाक्य ती वाचतात, पण सावकाश. वीस सेकंदांत ती अर्ध्या प्रश्नापर्यंत पोहोचत. एकाने न वाचताच बोट दाबले आणि तोच पहिला आला. सगळे हसले. तोही हसला, पण तो काय शिकला?

गूगल फॉर्म्स अधिक सोयीचे वाटले. त्यात सेटिंगमध्ये जाऊन साध्या फॉर्मचे चाचणीत रूपांतर करता येते, प्रत्येक प्रश्नाला गुण देता येतात, चित्र जोडता येते. मुलांचा ईमेल मागण्याची गरज नसते. मी तर नावाऐवजी हजेरी क्रमांकच लिहायला लावते. पण एका फोनवर एकेका मुलाची पाळी लावायची म्हणजे संपूर्ण संध्याकाळ जाते.

मग एका शिक्षिकेने प्लिकर्स सुचवले. यात फोन फक्त शिक्षकाजवळ लागतो. प्रत्येक मुलाच्या हातात एक कागदी कार्ड असते, त्यावर क्यूआर कोडसारखी काळी ठोकळेदार आकृती आणि चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. उत्तर बी असेल तर बी असलेली कड वर करून कार्ड धरायचे. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते दिसते. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उपयोग नाही. एवढेच सांभाळायचे, की बोटे आकृतीवर येऊ नयेत आणि कार्डावर चकाकणारे प्लॅस्टिक चढवू नये. उजेड पडला की कॅमेऱ्याला वाचता येत नाही.

सहावीला अपूर्णांक शिकवून मी विचारले, "समजले का?" सगळे एका सुरात हो म्हणाले. फळ्यावर लिहिले : एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? कार्डे वर झाली. अर्ध्याहून अधिक मुलांनी चतुर्थांश निवडला होता. तीनपेक्षा चार मोठे, सरळ हिशेब! नेहमी हात वर करणारा मुलगा चुकला होता आणि कधीच न बोलणाऱ्या मुलीचे बरोबर होते. त्या रात्री जेवणाच्या आधी दोन भाकऱ्या मागून घेतल्या. एकीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला, आणि चुकलेले अगदी थोडे निघाले. तेव्हापासून चुकीचे पर्याय मी मनाने रचत नाही. मुलांच्या वह्यांतल्या चुकाच पर्याय म्हणून घेते. कोणी कुठला पर्याय धरला यावरून त्याचे कुठे अडले ते कळते.

पण सर्वांत मोठा धडा विज्ञानाच्या प्रश्नाने दिला. "खालीलपैकी अयोग्य विधान कोणते?" जवळजवळ सर्वांनी योग्य विधान निवडले. मला वाटले, धडाच कळला नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशींनी तोच प्रश्न पावरीत विचारला, आणि कार्डे भराभर फिरली. मुलांना धडा येत होता. 'अयोग्य' हा शब्द येत नव्हता. अशा किती प्रश्नांचे गुण आजवर कापले असतील, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून त्या कुटुंबाला मी कळवले आहे, टॅब्लेट सध्या नकोत. कार्डांसाठी जाड कागद हवा आहे, आणि मावशींना आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाकातून मोकळे करायचे, तर त्या वेळेपुरती दुसरी मदतनीस ठेवावी लागेल. मावशी आता माझ्याबरोबर बसून प्रश्न तपासतात. परवा त्यांनी सातवीच्या दहा प्रश्नांपैकी चार मला पुन्हा लिहायला लावले.