मुलाखतीतील हास्य आणि करुण : एका विरोधाचा विचार

दीर्घ मुलाखत ऐकून झाल्यावर श्रोत्याच्या स्मरणात उरतात ती एकदोन वाक्येच. मुलाखत आकाशवाणीवरील असो, सभागृहातील प्रकट मुलाखत असो, किंवा अलीकडे पॉडकास्ट ह्या नावाने रूढ झालेले ध्वनिमुद्रित संभाषण असो. पाहुण्याच्या तोंडचे स्मरणीय वाक्य पुष्कळदा निव्वळ विनोदाचे नसते आणि निव्वळ दुःखाचेही नसते. दोहोंचा त्यात मिलाफ झालेला असतो. हा मिलाफ कसा घडतो, आणि वाक्य कागदावर उतरताना तो का नाहीसा होतो, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने हास्य व करुण ह्यांस परस्परविरोधी मानले आहे. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त हा विरोध स्पष्टपणे सांगितलेला आहे. तथापि आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात रसविरोधाच्या परिहाराचे उपायही दिले आहेत. त्यांपैकी एक असा की, एकाच आश्रयाच्या ठिकाणी जे रस परस्परांस बाधक होतात, ते भिन्न आश्रयांच्या ठिकाणी योजिल्यास विरोध उरत नाही. हा विचार काव्यासंबंधी आहे हे खरे. परंतु संभाषणास लावून पाहता तो विलक्षण उद्बोधक ठरतो.

संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन ह्यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, आपल्या अडचणी सांगणारी माणसे मध्येच हसतात, ह्या गोष्टीकडे लक्ष वेधले. विनोद सांगणाऱ्याचे हसू ऐकणाऱ्यालाही हसण्याचे निमंत्रण देते. येथे मात्र ऐकणारा सहसा हसत नाही. तो गंभीर होऊन मूळ अडचणीकडे वळतो. सांगणाऱ्याच्या हसण्याचा अर्थ 'मी हे सोसू शकतो' असा असतो. म्हणजे हास्य वक्त्याच्या ठिकाणी आणि करुण श्रोत्याच्या ठिकाणी, अशी ही वाटणी होय. आश्रय भिन्न झाल्यामुळे एकाच वाक्यात दोन्ही नांदू शकतात.

आता आपल्या परिसरातील बोलीकडे वळू. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली. आज ती बंद आहे. अशा एखाद्या गिरणीतील जुना कामगार मुलाखतीत हसत म्हणेल, "गिरनी बंद झाली, तवापासून आराम करून राहिलो ना जी!" हे वाक्य विवेचनासाठी रचलेले आहे, परंतु त्याची घडण ह्या भागातील कोणाही वाचकास परिचित वाटेल. ह्यातील 'आराम' शब्दात उपरोध आहे. 'करून राहिलो' ह्या रूपाने तो आराम अद्याप संपलेला नाही, हे कळते. शेवटचे 'ना जी' समोरच्यास आदराने साक्षीस बोलाविते. आता ह्याचेच प्रमाण मराठीत "गिरणी बंद झाल्यापासून मी विश्रांती घेत आहे" असे रूपांतर केल्यास वस्तुस्थितीचे कथन तेवढे शिल्लक राहते. उपरोध मावळतो, साक्षीदार नाहीसा होतो, आणि हसण्याची तर नोंदच राहत नाही. वाचकास तो मनुष्य सुखात आहे असेही वाटावे!

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून ह्यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ 1989 साली सिद्ध केला. नागपुरात जुलै 1942 मध्ये भरलेल्या दलित महिला परिषदेची पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. अशा पिढीची साक्ष पुष्कळदा मुलाखतीच्या शब्दांतूनच मागे राहते. ते शब्द लेखनिकाने 'शुद्ध' केले, तर साक्षच बदलते.

म्हणून क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी तीन पथ्ये पाळावीत. बोलीतील रूपे व निपात जसेच्या तसे लिहावेत. हसणे, थांबणे, आवाज खाली येणे ह्यांची नोंद त्या त्या स्थळी करावी. आणि स्मरणीय वाक्य उद्धृत करताना मुलाखतकाराचा आधीचा प्रश्न व नंतरचा प्रतिसादही द्यावा. कारण वर पाहिल्याप्रमाणे वाक्यातील करुणाचा आश्रय श्रोता असतो, आणि त्याला वगळल्यास वाक्याचा अर्धा भाग वगळल्यासारखे होते.