चिपमध्ये प्रोग्राम चढवण्याचा हुन्नर : सुरुवात कशी करावी?

प्लास्टिक पिशव्यांचे सीलिंग मशीन असो, कांडी भरण्याचे यंत्र असो की टाकीवरचा पंप असो, चालू-बंद करण्याचे व मोजणीचे काम आता बहुधा एका छोट्या कार्डावर सोपवलेले असते. त्या कार्डाचा जीव म्हणजे मायक्रोकंट्रोलर नावाची चिप होय. यंत्राचे लोखंडी काम आपले कारागीर बांधव सहज करतात. परंतु कार्ड बिघडले की हात टेकतात आणि ज्याने कार्ड दिले त्याच्या दारात जाऊन उभे राहतात. तो भेटला नाही तर यंत्र पडून राहते व रोजी बुडते. वास्तविक ही विद्या शिकण्यास मोठी पदवी लागत नाही. चिपसाठी प्रोग्राम कसा तयार होतो व तो आत कसा चढतो, एवढी पहिली पायरी आम्ही येथे समजावून देत आहोत.

सामान काय लागते?

एक साधा संगणक, एक यूएसबी केबल आणि एक आर्डुइनो उनो बोर्ड, एवढ्यावर भागते. आर्डुइनोचा जन्म 2005 साली इटलीतील इव्रेआ या गावी, डिझाइनच्या एका शिक्षणसंस्थेत झाला. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही त्यांनाही चिप वापरता यावी, हा हेतू होता. उनो बोर्ड 2010 साली आला. 2023 मध्ये आलेल्या उनो आर-4 वर वेगळी चिप आहे. आमचे विवेचन आर-3 बोर्डाविषयी आहे. त्यावर एटमेगा 328-पी ही चिप असते. तिच्यात प्रोग्रामसाठी 32 किलोबाइट व चालू हिशेबासाठी 2 किलोबाइट जागा असते आणि तिचे घड्याळ सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोके देते. बोर्डाचा नकाशा सर्वांना खुला असल्याने इतर कारखानदारही तसेच बोर्ड बनवतात व ते स्वस्त मिळतात. आर्डुइनो आयडीई हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

पहिले काम : कंपाइल करणे

कापडावर छपाई करणाऱ्या बांधवांना हे लवकर उमगेल. नक्षी आधी कागदावर काढतात; पण कापडावर कागद उमटत नाही, त्यासाठी लाकडी ठसा कोरावा लागतो. आपण लिहितो तो प्रोग्राम म्हणजे कागदावरची नक्षी. चिपला फक्त शून्य व एक यांची भाषा कळते. आपल्या लिखाणाचे त्या भाषेत रूपांतर करणे म्हणजे कंपाइल करणे आणि ते करणारा कंपायलर हा ठसा कोरणारा कारागीर होय.

आयडीईच्या फाइल मेनूत, एक्झाम्पल्सखाली बेसिक्समध्ये ब्लिंक हा तयार प्रोग्राम आहे. तो बोर्डावरचा छोटा दिवा एक सेकंद लावतो व एक सेकंद विझवतो. त्याचे दोन भाग आहेत. सेटअप हा भाग वीज आल्यावर एकदाच चालतो. लूप हा भाग वीज जाईपर्यंत पुन्हा पुन्हा चालतो. टूल्स मेनूत आर्डुइनो उनो हा बोर्ड निवडावा आणि व्हेरिफायचे बटण दाबावे. पडद्याआड एव्हीआर-जीसीसी नावाचा मोफत कंपायलर कामाला लागतो, सर्व तुकडे जोडतो आणि हेक्स नावाची फाइल तयार करतो. हाच तो ठसा. खाली संदेशात प्रोग्रामने किती जागा घेतली ते दिसते. कमाल जागा 32256 बाइट अशी लिहिलेली असते. 32 किलोबाइटचे खरे तर 32768 बाइट होतात. उरलेले 512 बाइट कोठे गेले ते पुढे सांगतो.

दुसरे काम : चिपवर चढवणे

आता केबल जोडावी, टूल्समध्ये पोर्ट निवडावे व अपलोडचे बटण दाबावे. एव्हीआरड्यूड हे दुसरे सॉफ्टवेअर हेक्स फाइल बोर्डाकडे पाठवते. चिपमध्ये बूटलोडर हा छोटासा प्रोग्राम आधीपासून बसलेला असतो. ते 512 बाइट त्याचेच. तो दारावरच्या राखणदारासारखा आहे. अपलोडच्या वेळी संगणक चिपला रिसेट करतो, राखणदार जागा होतो आणि क्षणभर वाट पाहतो. नवा प्रोग्राम आला तर तो आत ठेवून घेतो, न आला तर जुनाच चालू करतो. एकदा चढलेला प्रोग्राम वीज गेली तरी पुसत नाही. चिपच्या कारखान्याच्या हिशेबाप्रमाणे ही जागा 10,000 वेळा पुसून लिहिता येते. म्हणून शिकताना भिण्याचे कारण नाही.

अडले तर कोठे पाहावे?

नवा माणूस येथेच गोंधळतो. ध्यानात ठेवावे की कंपाइल करणे व चढवणे ही दोन वेगळी कामे आहेत. व्हेरिफायमध्येच चूक दाखवली तर दोष लिखाणात, निवडलेल्या बोर्डात किंवा न बसवलेल्या लायब्ररीत असतो. केबल बदलून उपयोग नाही. बहुधा एखादा अर्धविराम किंवा कंस राहिलेला असतो. व्हेरिफाय सुरळीत झाले आणि अपलोड अडले, तर लिखाणाला हात लावू नये. दोष वाटेत आहे.

आम्ही प्रथम बोर्ड जोडला तेव्हा संगणकाला तो दिसेचना. एक संध्याकाळ गेली. शेवटी कळले की केबल फक्त मोबाइल चार्ज करण्याची होती. तिच्यात माहिती नेणाऱ्या ताराच नव्हत्या. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच-340 ही यूएसबी चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागू शकतो. नॉट इन सिंक असा संदेश आला तर पोर्ट व बोर्डाचे नाव तपासावे आणि 0 व 1 क्रमांकाच्या पिनांवर काही जोडले असल्यास काढावे. कारण प्रोग्राम त्याच वाटेने येतो. नॅनो या छोट्या बोर्डावर पुष्कळदा ओल्ड बूटलोडर हा पर्याय निवडला की काम होते.

सुटी चिप वापरताना

पुढे स्वतःचे कार्ड बनवताना सुटी चिप लागते. कारखान्यातून आलेल्या चिपमध्ये बूटलोडर नसतो. मग यूएसबी-एएसपीसारख्या प्रोग्रामरने सहा तारांवरून प्रोग्राम थेट आत घालतात. अशी नवी चिप 16 ऐवजी 1 मेगाहर्ट्झवर चालते. 16 मेगाहर्ट्झसाठी कंपाइल केलेला प्रोग्राम तिच्यात घातला तर एक सेकंदाचा दिवा 16 सेकंद जळेल. सीलिंग मशीनवर असे झाले तर माल जळून जाईल. चिपचा वेग फ्यूज बिट नावाच्या खुणांनी ठरतो. त्या समजल्याखेरीज बदलू नयेत.

आणखी एक इशारा. चिपच्या एका पिनेवर 20 मिलिअँपियरहून अधिक भार देऊ नये. मोटर किंवा हीटर रिले मॉड्यूलमधूनच चालवावा आणि 230 व्होल्टची जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी.

नक्षीचा कागद कोणाकडे?

आता व्यापाराची गोष्ट. हेक्स फाइलवरून मूळ लिखाण जसेच्या तसे परत मिळत नाही. त्यातील नावे व टिपा ठसा कोरतानाच गळून जातात. शिवाय चिपवर लॉक बिट लावले असतील तर आतला प्रोग्राम वाचून घेता येत नाही; कुलूप काढायचे तर चिप पुसावी लागते व प्रोग्रामही जातो. म्हणून स्वतः बनवलेल्या प्रोग्रामचे लिखाण दोन ठिकाणी ठेवावे. सोबत तारीख, बोर्डाचे नाव व वापरलेल्या लायब्ररींच्या आवृत्त्या लिहाव्यात. दुसऱ्याकडून कार्ड करून घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वीच लिखाण मिळणार की नाही हे कागदावर ठरवून घ्यावे. कार्ड करून देणाऱ्यानेही गिऱ्हाइकाला अंधारात ठेवू नये. दिलेला शब्द ही अमानत आहे. आणि दुसऱ्याच्या मेहनतीचा प्रोग्राम परवानगीवाचून उचलून विकणे हा आपल्याला शोभणारा धंदा नव्हे.

उस्तादाकडे शागीर्द पहिल्या दिवशी सूट शिवत नाही, काज-बटण करतो. येथेही तसेच. आधी दिवा लावावा, मग एका सेकंदाचा अर्धा सेकंद करून पाहावा. आपल्या हाताने लिहिलेला बदल चिपमध्ये उतरलेला दिसला की बंद कार्डाची भीती निघून जाते. घरात शाळा-कॉलेजला जाणारी मुले-मुली असतील तर त्यांना सोबत बसवावे. संगणक त्यांनी सांभाळावा, यंत्राची नस आपण सांगावी. इन्शाअल्लाह, दोघांच्याही पदरात काही पडेल.