तुटलेल्या बोटांचे संगीत

कडबाकुट्टीच्या यंत्रात नाहीतर मळणीच्या पट्ट्यात बोटे गमावलेला एखादा तरी माणूस तुमच्या पंचक्रोशीत असेलच. घाव भरतो, माणूस कामालाही लागतो. पण ज्या हाताने तो कधी ढोलकी नाहीतर पेटी वाजवीत असेल, तो हात मात्र पुन्हा वाद्याकडे सहसा वळत नाही. अशाच एका हाताची आणि त्या हाताने वाजवलेल्या एका तबकडीची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे. हकीकत विलायतेतली आहे. तबकडीचे नाव ‘ब्लॅक सॅबथ’, आणि ती वाजवणाऱ्या चौघांच्या मेळाचे नावही तेच. मेळाला तिकडे बँड म्हणतात. आपल्याकडे बँड म्हटला की वरात डोळ्यांपुढे येते. तो बँड नव्हे.

इंग्लंडच्या मध्यभागी बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. त्यातल्या ॲस्टन नावाच्या कामगारवस्तीत टोनी आयोमी नावाचा मुलगा वाढला. तो पत्र्याच्या कारखान्यात सांधेजोडीचे काम करी आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवी. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पूर्णवेळ वादक व्हायचे ठरवून त्याने नोकरी सोडली. शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायला तयार होईना. आईने समजावले, हाती घेतलेले काम नीट पुरे करून ये. आयांचे बोलणे तिकडेही असेच असते. त्या दिवशी दाबयंत्रावरचा माणूस आला नव्हता, म्हणून टोनीला त्या यंत्रावर उभे केले. त्याला त्याची सवय नव्हती. यंत्र खाली आले, त्याने हात हिसडून मागे घेतला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रातच राहिली.

तुम्ही म्हणाल, उजवाच हात ना, तारा दाबायचा डावा तर शाबूत राहिला! पण टोनी डावखुरा. तारा दाबायचा त्याचा हात हाच.

डॉक्टरांनी सांगितले, गिटार विसरा. घरी बसलेल्या या पोराला भेटायला कारखान्यातला मुकादम आला. येताना त्याने एक तबकडी आणली आणि म्हणाला, ऐक. पोराला संगीताचे नावही नकोसे झाले होते, तरी त्याने ऐकली. मग मुकादमाने सांगितले, की हा वाजवणारा जँगो राइनहार्ट. १९२८ साली आगीत त्याच्या हाताची दोन बोटे निकामी झाली, आणि तो उरलेल्या दोन बोटांनीच इतके चपळ वाजवतो. मास्तर मंडळींनी या मुकादमाकडे जरा लक्ष द्यावे. त्याने उपदेश केला नाही, तबकडी लावली.

पुढचे सगळे खटपटीचे काम. टोनीने भांडी धुण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून शिंप्याच्या अंगुस्तानासारखी दोन टोपणे बनवली. ती गरम करून बोटांवर बसतील अशी घडवली, वरून जुन्या कातड्याचे तुकडे चिकटवले, म्हणजे तारेवरून घसरू नयेत. पण टोपणातून तार कळत नाही, आणि जाड तार दाबली की बोट दुखते. म्हणून त्याने बँजो या वाद्याच्या पातळ तारा गिटारला लावल्या. पुढे पुढे तर तो तारा सैलही करू लागला.

इथे शाळेत करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. एकतारीची पोलादी तार टेबलावर दोन घोड्यांवरून ओढून घ्या आणि कडेवरून खाली वजन टांगा. एक किलो टांगून तार छेडा, मग चार किलो टांगून छेडा. ताण चौपट झाला की स्वर दुप्पट उंच, म्हणजे बरोबर वरच्या सप्तकात जातो. उलट ताण कमी केला की स्वर खाली उतरतो, आणि तार बोटाखाली मऊ येते. १९७१ सालच्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या तबकडीतल्या काही गाण्यांत त्याने तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या आहेत. ऐकणाऱ्याला ते भारदस्त, काळोखे वाटते. वाजवणाऱ्याला त्यात बोटांचा आरामही होता.

दुसरी गोष्ट ध्वनीची. जत्रेतला कर्णा पुरता वाढवला म्हणजे आवाज फाटतो, हे आपण सगळ्यांनीच सोसले आहे. यंत्राच्या ताकदीपलीकडे लहर मोठी झाली की तिचे शेंडे छाटले जातात आणि मुळात नसलेले स्वर त्यात मिसळतात. हार्ड रॉकवाले हे मुद्दाम करतात. अशा फाटक्या आवाजात पाचसहा स्वर एकदम वाजवले तर नुसता गोंगाट होतो. पण षड्ज आणि पंचम ही जोडी मात्र त्यातही स्वच्छ उभी राहते. ही जोडी तंबोऱ्यामुळे आपल्या कानाच्या ओळखीची आहे. दुखऱ्या बोटांना सोपी आणि फाटक्या आवाजाला सोसणारी, अशी ही जोडी टोनीच्या वादनाचा पाया झाली.

गाणारा ऑझी ऑस्बोर्न, खालच्या स्वरांचे बास गिटार वाजवणारा आणि बहुतेक गीते लिहिणारा गीझर बटलर, आणि ड्रम वाजवणारा बिल वॉर्ड हे तिघेही त्याच वस्तीतले. ऑझी काही दिवस कत्तलखान्यात कामाला होता. मेळाचे आधीचे नाव ‘अर्थ’; त्याच नावाचा दुसरा मेळ निघाला म्हणून १९६९ साली त्यांनी एका भुताच्या सिनेमाचे नाव घेतले. भ्यायला लोक पैसे देऊन जातात, तर मग भीतीचे संगीत का नको, असा त्यांचा सरळ हिशेब.

त्या नावाचेच गाणे तबकडीच्या आरंभी आहे. पाऊस, गडगडाट, लांबून येणारी घंटा. हे आवाज मागाहून जोडले. मग गिटार येते: सा, वरचा सा, आणि खाली उतरून तीव्र मध्यम. बस्स, तीनच स्वर, अतिशय संथ. जुन्या युरोपीय संगीतात हे अंतर टाळीत, आणि पुढे त्याला ‘संगीतातला सैतान’ असे नाव पडले. आपल्याला यात नवल वाटेल, कारण तीव्र मध्यमाशिवाय आपला यमन उभाच राहत नाही! पण यमनात त्याच्या शेजारी गंधार आहे, पंचम आहे, निषाद आहे. इथे त्याला कोणीच सोबती नाही, म्हणून तो अंगावर येतो.

ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनला झाले. गाण्याबजावण्याला मिळाला एक दिवस. दुसरा दिवस आवाज जुळवण्याला. गायकाला एका खोलीवजा कपाटात उभे केले आणि सगळ्यांनी जलशात वाजवावे तसे एकदम वाजवले. बहुतेक गाणी पहिल्या झटक्यातच घेतली. तेवढ्यात टोनीचे नेहमीचे गिटार बिघडले, तेव्हा जवळ होते ते दुसरे उचलले. चुका राहिल्या त्या राहिल्या. दुसऱ्या बाजूचे लांबलचक वादन मला स्वतःला कंटाळवाणे वाटते, थोडे कापले असते तर बरे झाले असते. पण त्या घाईमुळेच चार माणसे एका खोलीत घाम गाळीत आहेत हे ऐकू येते.

तबकडी इंग्लंडात १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाहेर पडली. वार शुक्रवार, तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ मानतात. जाणकारांनी तिला झोडपले. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकात लेस्टर बँग्ज या टीकाकाराने ती ‘क्रीम’ नावाच्या मेळाची निकृष्ट नक्कल ठरवली. लोकांनी मात्र ती विकत घेतली. इंग्लंडच्या खपाच्या यादीत ती आठव्या क्रमांकावर गेली, अमेरिकेत तेविसाव्या, आणि तिथल्या यादीत वर्षाहून अधिक काळ राहिली. त्याच ‘रोलिंग स्टोन’ने २००३ साली पाचशे थोर तबकड्यांची यादी केली, तेव्हा तीत ही होतीच.

हे सैतानाचे भक्त, असाही बोभाटा झाला. गाण्यात तर काळी आकृती पाहून गर्भगळीत झालेला माणूस देवाचा धावा करतो आहे. गळ्यात क्रूस घालून फिरणारी ही पोरे. ते क्रूस ऑझीच्या वडिलांनी घडवून दिलेले. नावावरून आणि वेषावरून तमाशाला नावे ठेवणाऱ्यांची आठवण येते. वग पुरा ऐकायची तसदी तेही घेत नसत.

५ जुलै २०२५ रोजी हे चौघे ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर शेवटचे एकत्र आले. ऑझी आजारी होता, त्याला उभे राहवत नव्हते; आसनावर बसून तो गायला. २२ जुलैला तो वारला. त्या संध्याकाळी टोनीने गिटार हाती घेतले तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांवर टोपणे चढवलेली होती.