निवडुंगांची बाग

शेताच्या बांधावर वाढलेल्या फड्या निवडुंगाला कोणी पाणी घालीत नाही, की खत देत नाही. तरी तो जगतो. मग निवडुंगांच्या बागेची निगा राखावयास माणसे कशाला हवीत, अशी शंका कोणालाही येईल. फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिका खंडातला. त्याच खंडात, कॅलिफोर्निया राज्यातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात, या शंकेचे उत्तर देणारी एक जुनी बाग आहे.

लेलँड स्टॅनफर्ड हे एक धनाढ्य रेल्वे-मालक होते. त्यांनी व त्यांच्या पत्नी जेन यांनी नवे घर बांधण्याचे योजिले आणि त्यालगत बाग करण्याचे काम रुडॉल्फ उलरिक या उद्यानरचनाकाराकडे सोपविले. उलरिक यांनी १८८० ते १८८३ या काळात सुमारे ३० हजार चौरस फूट जागेत निवडुंग व इतर रसाळ वनस्पती लावल्या. ॲरिझोना या वाळवंटी प्रदेशाचे नाव बागेला मिळाले. बाग तयार झाली, पण घर कधीच उभे राहिले नाही. १८८४ साली स्टॅनफर्ड दांपत्याचा एकुलता एक मुलगा विषमज्वराने दगावला. सोळावे वर्ष पुरे व्हावयास त्याला दोन महिने उरले होते. त्याच्या स्मरणार्थ आईबापांनी विद्यापीठ स्थापिले. त्या तिघांची समाधी बागेजवळच आहे.

१९२० नंतरच्या काळात बागेकडे दुर्लक्ष झाले आणि तिला अवकळा आली. निवडुंग तहान सोसतो. सावली आणि दाटी मात्र त्याला सोसत नाही. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. तो पडला की गवत माजते, लहान रोपे त्याखाली झाकून जातात, आणि ओल धरून राहिली तर मुळे कुजतात. वाळवंटात हे गवत नसते. बागेत ते माणसालाच उपटावे लागते.

१९९७ साली स्वयंसेवकांनी हे काम अंगावर घेतले. काट्यांच्या जाळीत हात घालवत नाही. तेथे लांब चिमटाच हवा. मोठा काटा निदान दिसतो. फड्या निवडुंगाची केसाएवढी कुसळे दिसतही नाहीत. ती कातडी हातमोज्यात शिरून बसतात आणि पुढे कितीतरी वेळ बोटांना सलतात. निवडुंगाचे कांड तोडून नवे रोप करावयाचे असल्यास ते लगेच मातीत पुरीत नाहीत. काही दिवस सावलीत ठेवून त्याची जखम सुकू देतात, नाहीतर ते सडते. घायपाताची तऱ्हा आणखी निराळी. ते वर्षानुवर्षे वाढते, एकदाच उंच दांडा काढून फुलते आणि मरते. मात्र त्याच्या बुडाशी बहुधा पिले फुटलेली असतात. वठलेले झाड काढताना ती जपून वेगळी करून पुन्हा लावावी लागतात.

या कामाबद्दल स्वयंसेवकांना वेतन नाही. लावलेले घायपात फुललेले पाहावयास मिळेलच, अशी खात्रीही त्यांतल्या वृद्धांना नसते. ही डागडुजी एका हंगामात संपणारी नव्हती. १९९७ मध्ये आरंभिलेले काम वर्षानुवर्षे चालत आले, आणि उलरिक यांच्या काळातील काही झाडे आजही तेथे उभी आहेत.